दळवी बाईंचा सातवा तास

आमच्या शाळेत बदली तासांची एक वही आहे, दर दिवसाला नवं पान. एखादा शिक्षक वर्गावर नसला, तर त्या तासाला त्याच्या जागी कोण जाणार हे त्या वहीत लिहायचं आणि जाणाऱ्याने समोर सही करायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. कोणाच्या जागी गेले, का गेले, ते तिथे यायला हवं. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत दळवी बाईंच्या सहीपुढे त्या रकान्यात जागोजागी एकच शब्द आहे : 'स्वेच्छेने'. तो शब्द मी लिहिला. बाई सही करून गेल्यावर, त्यांना न सांगता लिहिला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

आज लिहितोय ते धीर आला म्हणून नव्हे. गेल्या महिन्यात तुडीलला बाईंच्या घरी जाऊन आलो, दोन कप चहा प्यायलो, आणि तिथेही तोंड उघडलं नाही, म्हणून लिहितोय.

पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं. नाहीतर मी काय मोडलं ते कळायचं नाही.

बाई गणित शिकवायच्या. अंगाने बारीक, चालणं भरभर, पदर कायम कमरेला खोचलेला. खडूला चॉकलेटचा कागद गुंडाळायच्या, बोटं कोरडी पडू नयेत म्हणून. रोज तुडीलहून महाड, महाडला गाडी बदलून पोलादपूर, आणि तिथून आणखी एक गाडी धरून आमच्या गावी, आंबेनळी घाट चढायला लागतो त्याच्या जरा अलीकडे. नवरा मुंबईला नोकरीला, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. सकाळी त्यांचं सगळं उरकून बाई निघायच्या, संध्याकाळी परत तेच. घरी पुस्तक उघडायला सवड नाही, हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. घर नदीकाठी आहे असं सांगावं, तसं सांगत.

मी या शाळेत लागलो तेव्हा बाईंना तिथे दहा वर्षं झाली होती. पहिल्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत बीकर आणायला गेलो, तर मागच्या खोलीत बाई खिडकीशी बसलेल्या. समोर शंभर पानी वही, आणि त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. मला वाटलं, जप करतायत. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : 'उद्याच्या चुका'.

मी विचारलं, हे काय बाई? तर म्हणाल्या, उद्या नववीवर पायथागोरस घ्यायचाय, त्यात कोण कुठे चुकेल ते आज लिहून ठेवते. बरोबर उत्तर पुस्तकात असतंच, ते शोधायला तयारी लागत नाही. मुलाची चूक आधी आपल्याला सुचली पाहिजे. ती सुचायला निवांत बसावं लागतं, अर्धा तास तरी, आणि ज्या मुलांना शिकवायचं ती डोळ्यासमोर आणावी लागतात, नावानिशी.

त्या दिवशीच्या पानावर एक वाक्य होतं. वाडीवरची मुलं कर्णालाच पाया म्हणतील.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. बाईंनी फळ्यावर उताराचं शेत काढलं आणि विचारलं, लांबी कुठून मोजाल? वरच्या वाडीची एक मुलगी उठली आणि तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. बाईंनी आडव्या रेघेकडे बोट दाखवलं, तेव्हा ती हटेना.

"बाय, दोरी जमिनीवरच टाकतात ना? हवेत कोन टाकील?"

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तिचं खरं आहे म्हणाल्या, आणि वर्ग उठवून शाळेमागच्या उतारावर नेला. गवंडी सपाटी बघायला वापरतो ती पाण्याची नळी त्यांनी आदल्या दिवशीच गावातल्या एका गवंड्याकडून आणून ठेवली होती. नळीचं एक टोक वर, एक खाली, दोन्हीकडे पाणी एका पातळीत आणलं आणि त्या पातळीवरून दोरी ताणली. दोरी खरंच हवेत गेली. ती मुलगी खाली उभी राहून डोक्यावरच्या दोरीकडे बघत होती. मी हे सातवीच्या खिडकीतून पाहिलं. माझ्या वर्गाला मी तेव्हा धडा वाचायला लावला होता.

आता तासांचं सांगतो. दिवसाला आठ तास, त्यातला एखादा शिक्षकाला मोकळा असतो. तो मोकळा आहे एवढं दिसलं की सखाराम शिपाई बदली तासांची वही घेऊन दारात उभाच. कोणी रजेवर, कोणी प्रशिक्षणाला, कोणी मतदार याद्यांच्या कामाला, आणि दोन जागा तर कित्येक वर्षं भरलेल्याच नव्हत्या. बाईंचा मोकळा तास आठवड्यातून चार दिवस जायचा. चुकांची वही तशीच बंद राहायची. सखाराम त्यांना म्हणायचा, बाय, मला बगितलं का तुमचं तोंड असं होतं जसा मी वसुलीला आलोय.

एका वर्षी शाळा सुरू होताना शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी विषय काढला. प्रत्येक शिक्षकाला रोज एक तास तयारीचा मिळावा, आणि त्याला ही वही लागू नये. लिहून मिळावा, कोणाच्या मेहेरबानीवर नको. बैठकीत हशा झाला. एक जण म्हणाले, वीस वर्षं तेच पुस्तक शिकवताय, आता कसली तयारी?

"पुस्तक तेच आहे हो. पोरं तीच नाहीत ना."

हेडसर हसले नाहीत. आमचे हेडसर शांत माणूस, सही करण्याआधी कागद दोनदा वाचणारे. बाई, अर्ज द्या, मी संस्थेपुढे ठेवतो, असं म्हणाले, आणि ठेवला.

संस्था म्हणजे पंचक्रोशीतली सात माणसं. अध्यक्ष अण्णा, जुने शेतकरी, शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. अण्णांना कळेना, शाळेच्या वेळात मास्तरांना बसायला वेळ कशाला द्यायचा? तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, अण्णा, पेरणीच्या आधी तुम्ही राब भाजता. पालापाचोळा पसरता, वर माती टाकता, जाळ लावून बघत बसता. त्या दिवशी लावणी होत नाही, कापणी होत नाही. मग तुम्ही त्या दिवशी रिकामे बसलात का?

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सेक्रेटरींना म्हणाले, "बाईचं खरं हाय. राब भाजल्याबिगर रोप नाय."

ठरलं ते असं. एक वर्ष करून बघायचं. प्रत्येकाला रोज एक राखीव तास. अगदीच नाइलाज झाला तर मोडायचा, पण मोडला की वहीत कारणासकट लिहायचं. वर्षाच्या शेवटी वही संस्थेपुढे वाचायची, आणि वही चांगली बोलली तर तास कायमचा.

वेळापत्रक आणि ती वही, दोन्ही माझ्याकडे होतं.

ते वर्ष बाईंचं होतं. त्या राखणदारासारख्या तासावर बसल्या होत्या, आणि स्वतःच्याच नव्हे, सगळ्यांच्या. हेडसरांनी शिक्षकखोलीच्या दाराला पाटी लावली : 'तयारी चालू आहे'. एकदा गावातले एक आजोबा नातवाच्या दाखल्यासाठी आले. सखारामने सांगितलं, थांबा, बाय अभ्यास करतायत. आजोबा काळजीने म्हणाले, "का रे, नापास झाल्या का काय?" बाईंनी हे ऐकलं आणि पुढे महिनाभर कोणी 'कशा आहात' विचारलं की सांगायच्या, नापास आहे, अभ्यास चालू आहे.

नवीन लागलेला एक शिक्षक राखीव तासाला टेबलावर डोकं ठेवून सरळ झोपायचा. बाकीचे बाईंना चिडवायला लागले, ही बघा तुमची तयारी. बाई म्हणाल्या, झोपू दे. पहिला महिना झोपेल, दुसऱ्या महिन्यात कंटाळेल, तिसऱ्या महिन्यात पुस्तक उघडेल. दिवाळीनंतर त्या मुलाने सहावीसाठी पुठ्ठ्याचं चालतं घड्याळ केलं. बाईंनी ते हातात घेऊन सगळ्या शिक्षकखोलीत फिरवलं, जणू त्यांच्याच घरी कोणी पहिला आलाय.

आता माझं.

मी त्या वर्षी महाडला खाजगी क्लास घेत होतो. नोकरीत असताना क्लास घ्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. सोमवार आणि गुरुवार, साडेचारला, बाजारात एका दुकानाच्या वरच्या खोलीत. वेळेत पोचायचं तर शाळेतून सातव्या तासालाच निघायला हवं. माझ्याकडे वेळापत्रक होतं. माझा राखीव तास मी शेवटचा, आठवा ठेवला. राहिला सातवा, आणि त्या दोन दिवशी तो माझा आठवीवर होता. म्हणून बाईंचा राखीव तास मी सातवा लावला. त्यांना म्हणालो, शेवटाकडे शाळा शांत असते, तुम्हाला बरं पडेल. त्यांनी माझे आभार मानले.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तो जुलै असावा. म्हणालो, बाई, वाडीवरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरायचेत, इथे रेंज नाही, महाडला जायला लागतं, आठवीवर बसाल का? बाईंनी चुकांची वही मिटली आणि म्हणाल्या, जा. पोरांचं काम आहे, जायलाच हवं. पण सर, वहीत लिहा. तास मोडला तर मोडला म्हणूनच लिहा, माझा म्हणून लपवू नका. नाहीतर वर्षाच्या शेवटी खरं कळायचं नाही.

सही करून त्या आठवीवर गेल्या. मी पेन घेऊन शेऱ्याच्या रकान्याशी बसलो. तिथे लिहायला हवं होतं, 'उतेकर, कामानिमित्त महाड'. हेडसरांना मी फक्त आठव्या तासाला निघतो असं सांगितलेलं. माझं नाव त्या रकान्यात वारंवार आलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, फॉर्म किती दिवस चालतात? कोरा सोडला असता तरी विचारलं असतं. मी लिहिलं, 'स्वेच्छेने'. पुढच्या वेळी सहीला नवं पान असायचं, म्हणून बाईंना तो शब्द कधी दिसला नाही. तेव्हा मला तो शब्द निरुपद्रवी वाटला. खरंतर बाईंचं कौतुकच केलंय, अशी मी माझी समजूत घातली.

फॉर्मचं काम खरं होतं, पण ते दोन दिवसांत संपलं. मी वर्षभर जात राहिलो. बाईंनी एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, सर, तुम्ही फार राबता हो या पोरांसाठी.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. 'उद्याच्या चुका' मी त्यांच्याकडून एका रविवारपुरती मागून नेली आणि मोबाइलवर पानंच्या पानं फोटो काढून घेतली. महाडच्या क्लासात मी ती वापरली. पालक म्हणायचे, सर चूक होण्याआधीच सांगतात. ज्या तासाला बाईंनी ती वही लिहायची, त्या तासाला त्या माझा वर्ग सांभाळत होत्या, आणि मी त्यांचीच वही घेऊन दुसऱ्यांची मुलं शिकवत होतो.

संस्थेची बैठक उन्हाळ्यात झाली. आम्ही शिक्षक भिंतीशी बाकांवर बसलो होतो. सेक्रेटरींनी वही उघडली. इतरांचे राखीव तास क्वचित मोडलेले, कारणं दिलेली. मग बाईंचं नाव यायला लागलं. तारीख, आठवी, सातवा तास, दळवी, स्वेच्छेने. पान उलटलं, परत स्वेच्छेने. ते एका सुरात वाचत होते. चौथ्या-पाचव्या वेळेला अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं.

"बाई, तुमचाच तास तुम्हाला नको होता, तर आमच्याकडं मागितलात कशाला?"

बाई उठल्या. शेरा त्यांनी आत्ताच पहिल्यांदा ऐकला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सेक्रेटरींनी वही दुरूनच दाखवली, सही तुमची ना? बाई म्हणाल्या, सही माझी आहे. मग? मग वर्ग रिकामा होता, म्हणून गेले. सेक्रेटरींनी विचारलं, कोणाचा वर्ग?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मांसाठी राबणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. आणि म्हणाल्या, "आठवीचा."

माझं नाव घेतलं नाही. मी त्या क्षणी उठायला हवं होतं. फक्त उठायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. मी खिडकीबाहेर वाळत घातलेली कोकमं बघत राहिलो. हेडसर काहीतरी बोलले, बाई वर्ग रिकामा बघू शकत नाहीत, असं काहीसं. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे स्वेच्छेनेच ना. ज्या बाईंनी तास मागितला त्याच तो वापरत नाहीत, तर बाकीच्यांना कशाला हवा, असं ठरलं. पाच मिनिटांत पुढचा विषय निघाला, गळक्या पत्र्यांचा.

जूनमध्ये शाळा उघडली. सखारामने दारावरची पाटी काढून आणली आणि विचारलं, हिचं काय करू? बाईंनी भांडण केलं नाही, परत अर्ज केला नाही. त्यांचा मोकळा तास पहिल्यासारखा जाऊ लागला. ऑगस्टच्या सुमाराला एका दुपारी मी व्हरांड्यातून चाललो होतो, तर बाई दहावीवर निघालेल्या आणि त्यांच्या हातात गाईड होतं. बाजारात मिळतं ते, सोडवलेल्या उत्तरांचं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातात गाईड पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पदराखाली घेतलं नाही. मला दाखवत म्हणाल्या, काय करणार सर, उत्तरं तरी बरोबर यायला हवीत.

आणखी एक बदल झाला. बाई हेडसरांशी बोलेनाशा झाल्या. कामापुरतं बोलायच्या, मान खाली घालून. हेडसरांना कळेना. मला एकदा त्यांनी ऑफिसात बसवून विचारलं, "उतेकर, माझं काही चुकलं का हो? बाई अशा का वागतात?" मी म्हटलं, नाही सर, घरचं असेल काही, सासूबाई आजारी आहेत ना. हेडसर दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे बोलले, बाई बोलल्या नाहीत. हेडसरांनी सगळ्यांत शेवटी त्यांच्याकडे बघून हात जोडले होते. गेल्या पावसाळ्यात ते वारले.

बाई निवृत्त झाल्या. मी आज त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. क्लास कधीच बंद केला, पण त्याने काही सुटत नाही. नवीन शिक्षिका येतात, धीटपणे विचारतात, सर, तयारीसाठी एखादा राखीव तास मिळेल का? मी त्यांना सांगतो, मागे एकदा करून बघितलं होतं, जमलं नाही. हे वाक्य आता इतकं सहज येतं की मलाच कधीकधी खरं वाटतं.

गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला तुडीलला गेलो. बाई पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेत, बोलण्याचा वेग तोच आहे. बसा म्हणाल्या, चहा केला, सखारामची चौकशी केली, पुठ्ठ्याचं घड्याळ करणारा तो मुलगा कुठे असतो ते विचारलं. मग हेडसरांचा विषय निघाला. त्या चिंचोके बाजूला करत म्हणाल्या,

"माणूस वाईट नव्हता हो. पण तो शेरा त्यांनी मागाहून घातला. वही संध्याकाळी त्यांच्याच कपाटात जायची ना. तुम्ही घाईत रकाना कोरा ठेवला असणार, त्यांनी भरला. संस्थेला तास नकोच होता, त्यांच्यावर दाब आला असेल. जाऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

म्हणजे नऊ वर्षं बाईंनी त्या माणसाला अपराधी धरलं होतं, आणि आता क्षमाही करत होत्या, जे त्याने केलंच नव्हतं त्याबद्दल. माझ्या हातात कप होता. मी तो ठेवला. 'बाई,' असं म्हणालोसुद्धा. त्यांनी मान वर करून विचारलं, साखर कमी झाली का?

मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. त्यांनी तरी दुसरा कप केला.

निघालो तेव्हा त्या अंगणाच्या कडेपर्यंत आल्या. नदीच्या बाजूने जाऊ नका, तिकडे चिखल आहे, देवळाकडून वळा, असं सांगितलं. वळणावर मी मागे पाहिलं. उन्हाला आड म्हणून कपाळावर हात धरून त्या उभ्या होत्या, मी बरोबर वाटेने वळतो की नाही ते बघत.

दळवी बाईंना मी खरं काय ते समोर बसून सांगायचं देणं लागतो. हेडसरांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला सांगायचं देणं लागतो की त्यांच्या यजमानांचं काही चुकलं नव्हतं. संस्थेला तो शब्द माझा होता असं लेखी देणं लागतो. आणि माझ्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला मी रोजचा एक तास देणं लागतो. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.